रिकामा डबा परत करत नाहीत

हैदराबादच्या नल्लकुंट्याला राहणाऱ्या पद्मावतीबाईंच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर सात डबे होते आणि त्यांतला एकही त्यांचा नव्हता.

दुसऱ्याचा डबा आपल्या घरी असणं यात नवल काहीच नाही. उलट ज्या घरात कुणाचाच डबा अडकलेला नाही, त्या घराचं माणसांशी फारसं जमत नाही असं खुशाल समजावं. पण डबा राहतो तो चार दिवस, फार तर महिना. हे सात डबे तिथं चार वर्षं बसून होते. दसरा-दिवाळीला खाली यायचे, घासून लख्ख व्हायचे आणि पुन्हा वर जाऊन बसायचे. बरं, कुणाचे ते कळत नव्हतं म्हणावं, तर तसंही नाही. आपल्या बायांना भांड्यावर नाव कोरून घेतल्याशिवाय ते भांडं आपलं वाटतच नाही. सातही झाकणांवर नावं होती. सगळ्यांत मोठा डबा तीन खणांचा, त्याच्या झाकणावर नागमोडी अक्षरांत 'सौ. रंजना' आणि खाली वास्तुशांतीची तारीख.

मग परत का नाही केले? तोच तर सगळा घोळ आहे, आणि तो समजून घ्यायचा तर बाईंच्या दुखण्यापर्यंत मागं जायला पाहिजे.

पद्मावतीबाई मूळच्या भालकीकडच्या, शेतीवाडीच्या घरातल्या. लग्न होऊन हैदराबादला आल्या तेव्हा त्यांना तेलुगूचं अक्षर येत नव्हतं आणि उर्दूची भीती वाटायची. पुढं दोन्ही भाषांत भाजीवाल्याशी भांडण्याइतक्या तयार झाल्या. यजमान हिम्मतराव वीज खात्यात होते. बाई स्वतः जामबागेतल्या शाळेत लहान वर्गांना मराठी शिकवायच्या. हिम्मतराव एका सकाळी पेपर वाचता वाचता गेले. एकुलती एक मुलगी प्रणिता लग्न करून गच्चीबावलीला गेली. आता नल्लकुंटा आणि गच्चीबावली एकाच शहरात आहेत असं नकाशा म्हणतो. नकाशाचं काय जातंय म्हणायला? प्रणिता महिन्यातून एखाद्या रविवारी यायची, फोन मात्र रोज करायची, आणि आईला किराणा लागला तर तिकडूनच मोबाइलवर मागवून द्यायची. त्यामुळं बाईंचं दुकानात जाणंही बंद झालं होतं.

पण एक मंगळवार होता. मंगळवारी दुपारी आसपासच्या गल्ल्यांतल्या मराठी बाया कुणाच्या तरी घरी भजनाला जमायच्या. भजन तासभर आणि त्यानंतरच्या गप्पा त्याच्या दुप्पट. त्यातली रंजना ही बाईंची खरी मैत्रीण. दोन गल्ल्या पलीकडं, शंकरमठाच्या मागं राहायची. दोघी नव्या नवऱ्या असल्यापासूनची ओळख. उन्हाळा लागला की दोघी मिळून बेगम बाजारात जायच्या, वर्षभराची मिरची, चिंच, गूळ एकाच रिक्षात घालून आणायच्या आणि रंजनाच्या अंगणात वाटून घ्यायच्या. वाटताना भांडायच्याही. रंजनाची जीभ तिखट. बाईंना ती 'पद्मे' म्हणायची. आई गेल्यानंतर बाईंना 'पद्मे' म्हणणारं माणूस उभ्या जगात तेवढं एकच उरलं होतं.

मग चार वर्षांपूर्वी बाईंच्या छातीत गाठ निघाली. डाव्या बाजूचं ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. डोक्यावरचे केस गेले, भुवया गेल्या. प्रणिता रजा घेऊन आली, रजा संपली तशी गेली. आणि भजनाच्या बायांनी बाईंना न विचारताच आपापसांत वार ठरवून घेतले. सोमवारचा डबा हिचा, मंगळवारचा तिचा. कुणी पाय चेपून द्यायचं, कुणी दवाखान्यात रांगेत उभं राहायचं, कुणी उगाच येऊन बसायचं. चपला ठेवायला दारात जागा नसायची. खोटं कशाला बोलू, बाईंना त्या दिवसांत मरणाची भीती रोज वाटायची, पण एकटं एक दिवसही वाटलं नाही.

तर ते डबे. त्यांत काय नसायचं? मऊ भात, मुगाचं वरण, मेथीची फळं, रंजनाची खिचडी आणि वर तुपाची वाटी. पण केमोनं बाईंच्या तोंडाची चवच पालटून टाकली होती. फोडणीचा वास आला की पोटात ढवळायचं. आणि स्टीलच्या भांड्यातलं काहीही तोंडात घातलं की गंजका खिळा चोखल्यासारखं लागायचं. बाया गेल्या की त्या चिनी मातीच्या वाडग्यात दही-भात कालवून चार घास गिळायच्या आणि डब्यातलं सगळं कामवाल्या यादम्माकडून खाली वॉचमनच्या, मल्लेशच्या घरी पाठवायच्या. हे बायांना सांगायची त्यांची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी रंजनानं विचारलं, "खिचडी कशी झाली होती?" की त्या म्हणायच्या, "फक्कड."

यादम्मा डबे घासून ठेवायची आणि म्हणायची, "अम्मा, जाता जाता देऊन टाकते की."

"रिकामे नक्को," बाई म्हणायच्या. "मी बरी होते, मग भरून देते."

आपल्याकडं रिकामा डबा कुणी परत करत नाही. काही नाही तर चिमूटभर साखर तरी घालून देतात. बाईंनी तरी तेच करायला हवं होतं: साखर घालायची आणि पाठवून द्यायचे. पण त्यांना वाटलं, ज्या बायांनी आपल्यासाठी एवढं केलं त्यांच्या डब्यात काय साखर घालायची? काहीतरी घसघशीत करायला पाहिजे, आपल्या हातचं. संक्रांतीला करू म्हणाल्या. संक्रांतीला डावा हात सुजला. ऑपरेशननंतर तो तसा सुजायचा, लाटणं धरवेना. मग पाडव्याला करू म्हणाल्या. पाडव्याला ताप आला. पुढं पुढं हात बरा झाला, ताप गेला, केसही आले, पण तोवर इतका उशीर झाला होता की आता नुसतं गोडधोड घेऊन जायचं म्हणजे इतके दिवस का नाही आलात याचं उत्तरही बरोबर न्यावं लागणार होतं. ते काही त्यांच्याकडं नव्हतं.

तिकडं बायांचं येणं कमी झालं. त्यात त्यांचीही चूक नाही. बऱ्या झालेल्या माणसाला कोण भेटायला जातं? बाई मंगळवारच्या भजनाला जाईनात. सात जणींचे डबे घरी ठेवून त्यांच्यात जाऊन टाळ कसे वाजवायचे? रंजनानं दोनदा फोन केला. "येते येते," बाई म्हणाल्या. तिसऱ्यांदा फोन आला नाही. एकदा बरकतपुऱ्यात भाजीच्या गाड्यावर रंजना समोरून येताना दिसली, तर बाईंनी पाठ फिरवून टोमॅटो निवडायला घेतले. टोमॅटो घरात होते. दोन किलो घेऊन आल्या.

असा एकेक करून दाराशी येणारा सगळा माणूस आटला. बाई सकाळी उठायच्या, एकटीपुरता कुकर लावायच्या, त्याच्या शिट्ट्या मोजायच्या. संध्याकाळी टीव्ही लावून ठेवायच्या, बघायच्या नाहीत. यादम्मा आजारी पडून सुट्टीवर गेली की दोन-दोन दिवस तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि मग प्रणिताचा फोन आला की घसा खाकरून आवाज काढायला लागायचा. आता एक गोष्ट सांगते, हसू नका. दर सहा महिन्यांनी दवाखान्यात तपासणी असायची, तर त्या दिवशी बाई ठेवणीतली साडी नेसायच्या. तिथली नर्स हात हातात घेऊन "कसं आहे अम्मा?" विचारायची. तेवढ्यासाठी त्या तास-तास आधी जाऊन बसायच्या आणि बाकावरच्या नव्या पेशंट बायांना केमोत काय खावं, काय नक्को ते समजावून सांगायच्या.

तिथंच त्यांना मृण्मयीनं हेरलं.

मृण्मयी पुण्याची, माधापूरच्या कुठल्याशा कंपनीत नोकरीला, आणि शनिवारी 'सोबत' नावाच्या संस्थेचं काम करायची. ही संस्था गरीब बायकांच्या कॅन्सरच्या तपासण्या करून द्यायची, गावाकडून आलेल्या पेशंटची राहायची सोय करायची. त्यासाठी देणग्या लागतात. आणि देणाऱ्याला आकडे दाखवून भागत नाही, माणूस दाखवावा लागतो. म्हणून आजारातून उठलेल्यांनी आपला अनुभव सांगायचा, तो मोबाइलवर घ्यायचा आणि लोकांना पाठवायचा, असं त्यांचं चाललेलं असायचं.

"काकू, तुम्ही इतकं छान बोलता. आमच्यासाठी बोलाल?" मृण्मयीनं विचारलं.

आपलं बोलणं कुणाला तरी हवंय, हे ऐकूनच बाईंचा जीव सुपाएवढा झाला. पुढच्या शनिवारी मुलगी घरी आली तेव्हा त्यांनी खोबऱ्याच्या वड्या करून ठेवल्या होत्या. चार वर्षांनी त्या घरात कुणासाठी तरी काही केलेलं होतं.

मृण्मयीनं मोबाइल स्टुलावर टेकवला. बाईंनी सांगितलं: गाठ कशी लागली, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आपण देवाला काय काय कबूल केलं, केस गळाले तेव्हा आरशावर टॉवेल कसा टाकून ठेवला. मग डब्यांचं सांगितलं. मृण्मयीचे डोळे भरून आले.

"किती गोड आहे हे. आणि काकू, त्या मैत्रिणी अजून येतात?"

मोबाइल समोर होता, मुलगी डोळे पुसत होती, आणि खरं सांगायचं म्हणजे सगळं दारिद्र्य उघडं करून दाखवायचं.

"हौ," बाई म्हणाल्या. "येतात की. घर भरलेलंच असतंय माझं."

मृण्मयी गेल्यावर त्यांनी तिची बशी उचलली आणि बराच वेळ हातात धरून उभ्या राहिल्या.

पुढच्या आठवड्यात प्रणिताचा फोन. "आई, व्हिडिओ बघितला. सो प्राउड ऑफ यू. सगळ्या ग्रुप्सवर टाकलाय, आपल्या मराठी मंडळाच्यापण." त्या मंडळाच्या ग्रुपवर भजनाच्या बायाही होत्या. आणि पाठोपाठ मृण्मयीचा फोन. व्हिडिओ लोकांना भलताच आवडला होता. देणग्यांसाठी संस्था एक कार्यक्रम करणार होती, त्याचं नावच आता 'एक डबा सोबतीचा' ठेवलं होतं. "आणि काकू, तुमच्या मैत्रिणींना स्टेजवर बोलवायचंय. तुमच्या शेजारी. त्यांचा सत्कार करू. निदान त्या खिचडीवाल्या रंजनाकाकू तरी यायलाच पाहिजेत. आणाल ना?"

"आणते," बाईंनी सांगितलं, कारण दुसरं काही सुचलं नाही.

आता आली का पंचाईत? मैत्रिणी येत नाहीत म्हणून सांगितलं तर खोटं उघडं पडणार. आणि विचारायला जायचं तर कुठल्या तोंडानं? रात्रभर बाईंना डोळा लागला नाही. पण खोटं उघडं पडायची भीती ही वरवरची. आत काय होतं, ते त्यांना पहाटे कळलं. रंजना अजून आपली आहे की नाही, हे चार वर्षं त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. विचारलं नाही तोवर ती आपली होती. आता जाऊन बघायला लागणार होतं.

सकाळी त्या ऑटोनं बेगम बाजारात गेल्या. एकट्या पहिल्यांदाच. शेंगदाणे घेतले, गूळ घेतला. पिवळा नाही, रंजनाला लागतो तसा काळपट. दोन दिवस बसून शेंगांच्या पोळ्या लाटल्या. चार लाटल्या की हात भरून यायचा, मग तो उशीवर उंच ठेवून बसायचं, मग पुन्हा चार. तिसऱ्या दिवशी रंजनाचा डबा खाली काढला. आधीच लख्ख होता, तरी पुन्हा घासला, झाकणावरच्या अक्षरांच्या खाचांतून जुन्या ब्रशानं घाण काढली, घाण नव्हतीच. तिन्ही खण पोळ्यांनी भरले, झाकण दाबून लावलं आणि निघाल्या.

दार रंजनाच्या सुनेनं, श्रुतीनं उघडलं. लग्नाला दोन वर्षं झालेली, तिनं बाईंना कधी बघितलेलंच नव्हतं. तिनं आत वळून सांगितलं, "आई, कुणीतरी आल्यात."

रंजना बाहेर आली. केस पांढरे झाले होते, रंगवायचं सोडलेलं दिसत होतं.

"या पद्मावतीताई," ती म्हणाली. "बसा."

पद्मावतीताई. बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि डबा पुढं केला. "उशीर झाला," एवढंच बोलता आलं.

"अगंबाई, हा तुमच्याकडं होता होय? मी नवा घेतला केव्हाच." रंजनानं डबा श्रुतीच्या हातात दिला. चहा आला. हात कसा आहे विचारून झालं, प्रणिता कशी आहे विचारून झालं. मग रंजना कप खाली ठेवून म्हणाली, "व्हिडिओ बघितला तुमचा. छान बोललात. आम्ही अजून येतो म्हणे तुमच्याकडं. घर भरलेलं असतंय म्हणे."

बाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण श्रुती दारात उभी होती.

"मी एकदा आले होते," रंजना खिडकीकडं बघत म्हणाली. "तुमच्या जिन्यापर्यंत. तिथं मनात आलं, वर गेले तर हिला वाटायचं डबा मागायला आली. परत फिरले. सगळ्यांचं तेच. कोण जाणार मागायला? आणि तुम्ही काही आला नाहीत. म्हटलं, बरी झाली, आता आपली गरज नसेल."

आत भांडी वाजली. श्रुती डबा घेऊन बाहेर आली. तिनं पोळ्या काढून ठेवल्या होत्या, डबा धुतला होता, पुसत होती. "आई, हा कुठं ठेवू?" "ठेव वर," रंजना म्हणाली. आणि तो डबा झाकणासकट बाईंच्या डोळ्यांदेखत रंजनाच्या फळीवर, आपल्या जागी जाऊन बसला. कार्यक्रमाचं बोलावणं बाईंच्या तोंडून निघालंच नाही.

घरी येऊन त्यांनी आपल्या फळीकडं बघितलं. सहा डबे, आणि मध्ये एक मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेकडं बघून त्यांना रडू फुटलं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की डबा परत करायचा राहिला म्हणून रंजना तुटली. पण तो डबा फळीवर होता तोवर निदान रंजनाचं काहीतरी या घरात होतं. आता देणं फिटलं. आता एकमेकींकडं जायला काही कारणच उरलं नव्हतं.

मृण्मयीला त्यांनी फोनवर सांगितलं, "कुणी येणार नाहीत. मी एकटीच येते."

काचीगुड्याच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. मागं मोठा फलक, त्यावर डब्याचं चित्र. माधापूर-गच्चीबावलीची नोकरदार मंडळी, जुन्या हैदराबादची मराठी घरं, बायका पैठण्या नेसून आलेल्या. प्रणिता पहिल्या रांगेत बसली होती. आधी मोठ्या पडद्यावर बाईंचा व्हिडिओ दाखवला. 'घर भरलेलंच असतंय माझं,' पडद्यावरच्या पद्मावतीबाई म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या. मग खऱ्या पद्मावतीबाईंना माईकसमोर उभं केलं. त्यांनी हॉलभर नजर फिरवली. रंजना नव्हती. भजनातलं कुणीच नव्हतं.

"आत्ता जे दाखवलं," बाई म्हणाल्या, "त्यात शेवटचं वाक्य खोटं आहे."

हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. मृण्मयीचा चेहरा उतरला.

"माझ्या घरी कुणी येत नाही. डबे खरे आहेत. सात जणींनी दिले. त्यांतलं मी जवळजवळ काही खाल्लं नाही, मला जात नव्हतं, आणि हे त्यांना सांगितलंही नाही. आमच्या वॉचमनचं घर त्यावर जेवलं. पण त्या बाया डबा द्यायला येऊन माझ्यापाशी बसायच्या ना, त्यावर मी जगले. मग मी बरी झाले. रिकामा डबा कसा द्यायचा म्हणून मी दिला नाही. मागायला कसं जायचं म्हणून त्या आल्या नाहीत. दोन्ही बाजू सभ्य. चार वर्षं झाली."

त्यांचा आवाज वर्गात असायचा तसाच होता, मागच्या बाकापर्यंत पोचणारा.

"तुम्ही या संस्थेला द्या, जरूर द्या. तपासण्या व्हायलाच पाहिजेत, माझी वेळेवर झाली म्हणून मी उभी आहे. पण एक सांगते. तुमच्या ओळखीत कुणी आजारी पडलं तर तुम्ही डबा पाठवालच, आपल्या लोकांना ते शिकवायला लागत नाही. पण ते माणूस बरं झालं ना, की डबा मागायला जा. लाजू नका. त्याच्या दारात उभं राहून म्हणा, माझा डबा दे. आजारपणात मला कॅन्सरची भीती वाटायची. बरी झाल्यावर कशाची वाटायला लागली, ते मी कुणाला सांगितलं नाही. घरात कुकरची शिट्टी सोडली तर दुसरा आवाज नाही, त्याची भीती वाटते मला."

एवढं बोलून त्या खाली उतरल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना. थोड्या वाजल्या, मग थांबल्या. प्रणिता खाली मान घालून बसली होती. बाहेर पडताना तिनं आईचा हात धरला आणि रस्त्यावर येईपर्यंत सोडला नाही. तिला परत जायचं होतं, सकाळी मीटिंग होती. मृण्मयी पळत मागं आली.

"काकू, आजचं बोलणं रेकॉर्ड झालंय. टाकू?"

"टाक," बाई म्हणाल्या. "आणि पहिला काढून टाक."

सत्काराची शाल मांडीवर घेऊन त्या ऑटोत बसल्या आणि नल्लकुंट्याला आल्या.

त्यानंतर प्रणिता लागोपाठ दोन रविवार आली. दुसऱ्यांदा आली तेव्हा मोबाइल पर्समध्येच ठेवला. बाकी दिवस होते तसेच होते. यादम्मा यायची, जायची. व्हिडिओ कुणी बघितला, कुणी नाही, बाईंना कळायला मार्ग नव्हता. सहा डबे फळीवर होते आणि मधली जागा तशीच मोकळी होती. तिथं दुसरं काही ठेवावं असं त्यांच्या मनात आलं नाही.

एका दुपारी बेल वाजली. मंगळवार होता. किराणा आला असेल म्हणून बाईंनी पदराला हात पुसत दार उघडलं. दारात रंजना उभी होती, जिना चढून दम लागलेला, हातात काही नाही.

"पद्मे," रंजना म्हणाली, "माझ्या डब्याचं झाकण राहिलंय तुझ्याकडं."

बाईंच्या डोळ्यांसमोर ते झाकण आलं. नावाच्या खाचा ब्रशानं साफ केलेलं, तळव्यानं दाबून लावलेलं. श्रुतीनं तेही पुसून डब्यावर बसवलेलं त्यांनी स्वतः बघितलं होतं, आणि त्यांनी बघितलं होतं हे रंजनालाही ठाऊक होतं.

"आणि माझी खिचडी," रंजना पुढं म्हणाली, "मल्लेशच्या बायकोला आवडली होती का, तेवढं विचारायचं राहिलं होतं."

बाईंना हसू आलं का रडू, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. त्या दारातून बाजूला झाल्या.

"झाकण होय," त्या म्हणाल्या. "शोधायला लागंल. वेळ लागंल बघ. तू बस."